दादरचा पायथनचा क्लास : व्हेरिएबल आणि डेटा टाइपवर दोन अख्खे रविवार

पायथन ही संगणकाला काम सांगायची, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, तिचा हा क्लास : आठ रविवार, सकाळी १० ते १. फी ३,५०० रुपये, नोट्सच्या झेरॉक्सचे ६० वेगळे. दादर पश्चिमेला स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर जुन्या इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नाही. एका वेळी बाराच जण घेतात. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. क्लासला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, म्हणून मी ते टाकत नाही. ओळखीतून कळतं, लोक येतात. तरीही हे लिहायला बसले, कारण या आठांतला दुसरा आणि तिसरा असे दोन अख्खे रविवार सरांनी फक्त व्हेरिएबल (माहितीला दिलेलं नाव) आणि डेटा टाइप (ती माहिती कुठल्या प्रकारची) यांवर घालवले. तुम्ही शिकायला कुठेही जा, त्या दोन रविवारांत काय झालं ते प्रोग्रामिंगला नव्याने हात घालणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

मी लालबागच्या एका पतपेढीत १९ वर्षं हिशेब बघते. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट आणि आमची खतावणी यांचा ताळमेळ बसवणं हे माझं काम, आणि ते मी डोळ्यांनी करायचे. भाचा म्हणाला, मावशी हे काम पायथन दोन मिनिटांत करेल. त्यावर मी दोन वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका मोठ्या क्लासला १८,००० रुपये भरले होते. तिथे दुसऱ्याच दिवशी एक स्लाइड आली : इंट (पूर्ण आकडा), फ्लोट (दशांशाचा आकडा), स्ट्रिंग (मजकूर), बूल (हो किंवा नाही), प्रत्येकाला एकेक उदाहरण. वीस मिनिटांत विषय संपला आणि तिसऱ्या दिवशी लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) सुरू. मला वाटलं, समजलं. घरी येऊन पतपेढीची फाइल उघडली आणि एकही गोष्ट जुळेना. का जुळत नाही हे विचारायला लागणारे शब्दसुद्धा माझ्याकडे नव्हते. महिनाभरात सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत, त्याहून जास्त टोचलं ते हे की आपल्याला हे जमण्यातलं नाही असं मी धरून चालले.

म्हणून दादरला पहिल्यांदा गेले तेव्हा मनात धाकधूक होती. पहिला रविवार पायथन इन्स्टॉल करण्यात आणि ओळखीत गेला. (पायथन फुकट मिळतं. गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. लिहायची खिडकी, जिला आयडल म्हणतात, ती त्याच्याबरोबरच येते. कुणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.)

दुसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. विचारलं, "मध्य रेल्वेने कोण कोण आलंय?" सात हात वर. "कितव्या फलाटावर उतरलात?" आमच्यात बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "सर, मी अजून एक नंबरच म्हणतो. आता तो आठ झालाय."

सरांना नेमकं हेच हवं होतं. दादरला आधी दोन एक नंबर होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला "एक नंबरला ये" म्हटलं की तो हमखास चुकायचा. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. "फलाट जागचा हलला का? फरशी, छप्पर, पूल? काही नाही. पाटी बदलली," सर म्हणाले. "व्हेरिएबल म्हणजे ती पाटी. फलाट म्हणजे मेमरीत बसलेली व्हॅल्यू. एकाच नावाच्या दोन पाट्या लावाल तर गोंधळ होईल. पण एका फलाटाला दोन नावं असू शकतात, काका अजून एक नंबरच म्हणतात तसं."

आधीच्या क्लासमध्ये व्हेरिएबल म्हणजे डबा असं शिकवलं होतं. डब्यात साखर भरा, मग ती काढून रवा भरा. सर म्हणाले, सी भाषेत हे चित्र चालून जातं. तिथे आधी सांगावं लागतं की हा डबा इंटचा. मग तेवढ्या मापाची जागा राखून ठेवली जाते, बहुतेक ठिकाणी चार बाइटची, आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. पायथनमध्ये टाइप पाटीचा नसतो, व्हॅल्यूचा असतो. पाटी आज आकड्यावर लावा, उद्या तीच काढून अक्षरांवर लावा, पायथन अडवत नाही. पूर्ण आकडा कितीही मोठा असू दे, मेमरी पुरेल तोवर मावतो.

डबा म्हटलं काय आणि पाटी म्हटलं काय, एवढा काय फरक पडतो? मलाही असंच वाटलं होतं. सरांनी तीन ओळी लिहायला लावल्या. जमा नावाची यादी केली, तिच्यात १०० आणि २००. दुसरी ओळ : नक्कल = जमा. तिसऱ्या ओळीत नक्कलमध्ये अपेंड करून, म्हणजे शेवटी जोडून, ३०० घातले. आता जमा छापा. माझ्या स्क्रीनवर जमामध्ये १००, २०० आणि ३०० असे तिन्ही दिसले. मी जमाला हातही लावला नव्हता! डब्याचं चित्र डोक्यात असेल तर हे कळूच शकत नाही. पाटीचं असेल तर लगेच कळतं : फलाट एकच, पाट्या दोन. खरी नक्कल हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. हिशेबाच्या कामात मूळ यादी आपल्या नकळत बदलणं किती महागात पडेल, ते हिशेबनीसाला सांगायला नको.

घरी सरावासाठी सरांनी पायथन ट्यूटर नावाची साइट दाखवली. फिलिप गुओ या प्राध्यापकांनी बनवलेली, फुकट. त्यात कोड टाकला की तो एकेक ओळ करत पुढे सरकतो, डावीकडे नावं, उजवीकडे व्हॅल्यू आणि मधे बाण दिसतात. जमा आणि नक्कल दोघांचे बाण एकाच यादीवर गेलेले मी तिथे पाहिले, तेव्हा पक्कं बसलं. नवशिक्यांनी ही साइट जरूर वापरा. क्लास लावा न लावा.

तिसरा रविवार डेटा टाइपचा, आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा. (पुढची उदाहरणं मी मराठी आकड्यांत लिहिते आहे. संगणकावर कोडमध्ये आकडे इंग्रजीच टाकायचे.)

आमच्या खातेदारांचे क्रमांक पाच अंकी असतात, ००४१७ असे. सरांनी सगळ्यांना आपापल्या कामातली एक गोष्ट टाइप करायला सांगितली. मी लिहिलं, खाते = ००४१७. लाल अक्षरांत चूक आली : आकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. शून्यं काढून ४१७ लिहिलं, चाललं. मी खूश. सर मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हे काय आहे?"

"खाते क्रमांक."

"पतपेढीत कधी खाते क्रमांकांची बेरीज करता?"

"नाही."

"सरासरी काढता? दुप्पट करता?"

"नाही हो सर."

"मग तो आकडा कसा? तो अंकांनी लिहिलेला शब्द आहे. अवतरणचिन्हांत घाला."

अवतरणचिन्हांत घातलं, स्ट्रिंग झाली, आणि दोन्ही शून्यं जागच्या जागी राहिली. त्या क्षणी मला दोन वर्षांपूर्वी काय अडलं होतं ते कळलं. बँकेकडून आलेली फाइल मी एक्सेलमध्ये उघडायचे. एक्सेल अशा मजकुराला आपणहून आकडा समजतं आणि सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. आमच्या खतावणीत ००४१७, तिकडे ४१७. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी, जुळणार कशा? तीन संध्याकाळी मी त्याच्यापायी घालवल्या होत्या आणि चूक लूपमध्ये शोधत बसले होते. एक्सेलची आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली, ती बँकेत, पतपेढीत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी : आकडा म्हणून टाकलेल्या संख्येचे १५च अंक ते धरून ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक असा टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि कुठलीही सूचना येत नाही.

मग वर्गात प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न लावणं सुरू झालं. मोबाइल नंबर? स्ट्रिंग. दादर पश्चिमेचा पिनकोड ४०००२८? स्ट्रिंग. चेक नंबर? स्ट्रिंग, तो शून्याने सुरू होऊ शकतो. सभासदांची संख्या? ती मोजतो, म्हणजे इंट. व्याजदर साडेआठ टक्के? फ्लोट. केवायसी पूर्ण आहे की नाही? बूल, म्हणजे हो किंवा नाही. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, रोल नंबर तर नंबरच आहे ना?" सर म्हणाले, "अगं, वर्गाच्या रोल नंबरची सरासरी काढून तुझ्या बाईंना काय कळणार आहे?" ती क्षणभर थांबली आणि तिने स्वतःहून अवतरणचिन्हं टाकली.

त्या मुलीच्या मागे बसणाऱ्या मुलाने भिशीचा प्रोग्राम केला होता. दोघांचे हप्ते इनपुटने (वापरणाऱ्याला टाइप करायला लावणारी आज्ञा) विचारायचे आणि बेरीज दाखवायची. दोनदा २५० टाकले, उत्तर आलं २५०२५०. सगळा वर्ग गोळा झाला. कारण असं की इनपुटने जे येतं ते नेहमी स्ट्रिंगच असतं, माणसाने अंक टाकले तरी. आणि स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह बेरीज करत नाही, एकापुढे एक जोडतं. इनपुटला इंटच्या कंसात घातलं आणि ५०० आले. सरांनी त्याच्याकडून टाइप हा फंक्शन (व्हॅल्यू कुठल्या टाइपची ते सांगणारी आज्ञा) चालवून घेतला : आधी स्ट्रिंग दाखवलं, मग इंट. तेव्हापासून काही अडलं की मी पहिल्यांदा टाइप विचारते. माझ्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

माझ्या हाताला एक सवय आहे, रक्कम लिहिताना स्वल्पविराम देण्याची. मी लिहिलं, रक्कम = १,२५,०००. पायथनने काही तक्रार केली नाही. छापून बघितलं तर कंसात तीन वेगवेगळ्या गोष्टी : १, २५ आणि ०. स्वल्पविराम म्हणजे पायथनच्या लेखी दोन वस्तूंमधली फट, त्याने तिघांची मिळून एक मोळी बांधली. ट्यूपल म्हणतात त्याला. सर म्हणाले, लाल चूक येते ती चांगली चूक, ही न बोलणारी वाईट. लाख वाचायला सोपं हवं असेल तर स्वल्पविरामाच्या जागी अंडरस्कोर (_) द्यायचा, तो चालतो. भारतीय पद्धतीने दोन-दोन अंकांवर दिला तरी चालतो.

आता पैसे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३ यायला हवं. पायथन दाखवतं ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४. वर्गात कुणी म्हणालं, एवढ्याने काय होतंय. मला मात्र चैन पडेना, कारण आमच्याकडे पैशाचाही फरक राहिला तर ताळेबंद पुढे जात नाही, आणि "हे दोन समान आहेत का" असं विचारलं तर पायथन सरळ "नाही" म्हणतं. सरांनी कारण सांगितलं : १० रुपये तिघांत वाटा, ३ रुपये ३३ पैसे करत कितीही पुढे गेलात तरी संपत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश संपत नाही, तसा संगणकाच्या दोनच अंकांच्या पद्धतीत एक दशांश संपत नाही. कुठेतरी कापावा लागतो. फ्लोटसाठी ६४ बिट ठरलेले, तिथे कापतात. यात पायथनचा दोष नाही, इतर भाषांतही हेच होतं.

मग हिशेब कसा करायचा? एक म्हणजे सगळं पैशांत ठेवायचं : १२ रुपये ३५ पैसे म्हणजे १२३५, इंट. छापताना शेवटी रुपये करायचे. दुसरं म्हणजे डेसिमल (दशांश आपल्यासारखेच दशमान पद्धतीत ठेवणारा पायथनचा टाइप) वापरायचा, पण त्यातही रक्कम अवतरणचिन्हांत द्यायची, नाहीतर फ्लोटची चूक जशीच्या तशी आत जाते. मी पहिला मार्ग धरला. आमच्या जुन्या खतावणीत रुपये आणि पैसे यांचे वेगळे रकाने असायचे, त्यामुळे ते मला घरचंच वाटलं.

इथे सरांची एक गोष्ट सांगायलाच हवी. घरी मी राउंड करून, म्हणजे आकडा जवळच्या पूर्ण आकड्यावर नेऊन, बघत होते. ३.५ चे ४ झाले, आणि २.५ चे २. आम्ही पतपेढीत अर्धा वरच नेतो. पुढच्या रविवारी विचारलं तर सर म्हणाले, "मला आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगतो." आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी त्यावर वीस मिनिटं दिली. बरोबर मधोमध असेल तर पायथन जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणजे सगळ्याच चुका वरच्या बाजूला साठत नाहीत. तुमच्या संस्थेचा नियम वेगळा असेल तर तो तुम्हालाच लिहावा लागेल. त्याला जोडून त्यांनी कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराची हकिगत सांगितली. १९८२ साली त्यांनी १००० वर निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढताना तीन दशांशांपुढचे अंक नुसते कापून टाकले जायचे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या घरात घसरला होता. नीट मोजल्यावर निघाला १०९८ च्या घरात. कापलेला प्रत्येक तुकडा पैशाहूनही बारीक होता. हे ऐकून मी घरी जाऊन आमचा व्याजाचा तक्ता पुन्हा तपासला.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येतं. शिल्लक = ५००० असं मी लिहिलं आणि ते चाललं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हापासून ही सोय आहे. सर म्हणाले, कंपनीत काम करायचं तर इंग्रजी नावांची सवय लावा, पण शिकताना मराठी नाव ठेवा, कारण मग नाव कुठलं आणि भाषेचा स्वतःचा शब्द कुठला हे डोळ्यांना दिसतं. मला हे फार पटलं. दुसरं, कोडमध्ये मराठी अंक थेट लिहिले तर चूक येते, पण अवतरणचिन्हांत "४५०" मराठीत लिहून इंटला दिलं तर तो त्याचे साडेचारशे करून देतो. आमच्या जुन्या नोंदी मराठी अंकांत आहेत, त्यामुळे मला याचा खराच उपयोग झाला. अक्षरं मोजताना मात्र सावध राहा : मुंबई या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतं, कारण म, उकार, अनुस्वार, ब आणि ई हे सगळे वेगळे मोजले जातात.

आता तक्रारी. बाकांना पाठ नाही, तीन तासांत कंबर दुखते. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना दोघांत एक मिळतो आणि कीबोर्ड नेहमी जास्त चपळ असलेल्याच्या हातात राहतो. सरांनी यात लक्ष घालायला हवं. झेरॉक्स फिकट आहे, काही पानांवर अवतरणचिन्हंच उमटलेली नाहीत, आणि याच विषयात ती सगळ्यात महत्त्वाची. बूल घाईत उरकलं, आणि व्हॅल्यूच नसणं दाखवणारं नन थेट सहाव्या रविवारी आलं. ते शून्य आणि रिकाम्या स्ट्रिंगच्या शेजारी ठेवूनच शिकवायला हवं होतं. दोन रविवार टाइपवर गेल्यामुळे फाइल वाचणं शेवटच्या दिवशी धावतपळत झालं. तरीही निवड करायची असती तर मी हीच वाटणी मागितली असती.

माझा ताळमेळाचा प्रोग्राम चाळीसेक ओळींचा झाला आहे. बँकेची फाइल आता एक्सेलमध्ये न उघडता थेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून पायथनमध्ये वाचते. तशी वाचली की सगळं स्ट्रिंग म्हणूनच येतं, शून्यं शाबूत राहतात, आणि कशाचा इंट करायचा ते मी ठरवते. जूनच्या अखेरीला पहिल्यांदा चालवला. फरक शून्य आला, तरी विश्वास बसेना म्हणून सगळ्या नोंदी पुन्हा हाताने ताडून पाहिल्या. पैसा न पैसा जुळला.

पुढची तुकडी गणपतीनंतर सुरू होते. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा, मी भांडुपहून दोनदा अडकले. लॅपटॉप स्वतःचा असेल तर न्याच, सोबत चार्जर आणि जमलं तर एक्स्टेन्शन बोर्ड. उशीर झाला तर सर बोलत नाहीत, पण पहिली पंधरा मिनिटं मागच्या रविवारच्या चुका फळ्यावर घेतात, ती चुकवू नका.